बाद कापड

अंबडच्या शेडमध्ये आइसक्रीमचा जुना डीप फ्रीजर आहे,
झाकणावर मँगो कोन, अर्धा खरवडलेला.
आत उणे अठरात काळ्या कापडाचा रोल झोपतो.
विमानाच्या कामातून बाद: मुदत संपली,
मुदतीवर लाल शिक्का बसला.
आभाळात चालत नाही म्हणजे
खाली काहीच चालणार नाही असं थोडंच.

शमुवेलकाका पगारे शरणपूरहून स्कूटरवर आले,
गिटार पाठीला, मान वर काढून रस्ता बघणारी.
"सागवान," म्हणाले. "चर्चचं तिसऱ्या रांगेतलं बाक मोडलं,
भावाने त्यातून हिची मान केली.
श्रावणात एकीकडे कलते, पौषात दुसरीकडे.
दर रविवारी उपासनेआधी अर्धा तास
मी हिची समजूत घालतो. आता सांधे धरतात.
अशी मान दे, जी माझं ऐकली नाही तरी चालेल,
पण हवेचं ऐकणार नाही."

मी एक डोळा मिटून नजर लावली.
वाकडी होतीच. पण मागे, पाचव्या-सातव्या पट्टीच्या मध्ये
अंगठ्याने झिजवलेली खोबण,
वाटाणा बसेल एवढी.
साचा घ्यायचा तर असले खड्डे आधी भरायचे, हा नियम.
पुट्टीचा डबा उघडला.
चहा आला. प्यायले.
डबा बंद केला.
मान शिकंज्यात सरळ बांधली, खोबण तशीच ठेवली.

मेणाचे सात हात. मग कापड:
उभे धागे, त्यावर पंचेचाळीस अंशात तिरपे, पुन्हा उभे.
कुणी म्हणतं, येवल्याचा माग आठवत असेल.
मला कात्री आठवते, दर दोन दिवसांनी बोथट होणारी,
आणि मनगटात शिरलेली काळी कुसळं
जी रात्री भाकरी थापतानाच कळतात.

शनिवारी लाईट नसते, म्हणून शुक्रवारी रात्रीच
पिशवीतली हवा ओढून भट्टी लावली.
भट्टी देवळाली कॅम्पच्या बंद पडलेल्या बेकरीची.
पहिली दहा मिनिटं टोस्टचा वास येतो,
मग राळेचा.

सकाळी पाच रुपयांचं नाणं घेऊन
टोकापासून टोकापर्यंत वाजवत गेले.
टक टक टक टक.
आत पोकळी राहिली की आवाज बसतो.
आमचे आप्पा तांबट. घागर झाली की बोटाच्या पेराने वाजवायचे,
म्हणायचे, इथे ठोका झोपलाय.
मी तांबं सोडून कापडात आले तेव्हा वर्षभर बोलले नाहीत.
टक टक टक
बाराव्या पट्टीजवळ थबकले. परत वाजवलं.
नाही. माझंच नख लागलं होतं.

काकांनी अंगठा ठेवला. काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "रंग का नाही दिलास?"

अॅम्प लावला आणि अख्खी एमआयडीसी
स्पीकरमधून गुणगुणायला लागली:
प्रेस, कॉम्प्रेसर, समोरच्या गल्लीतलं वेल्डिंग.
कार्बनमधून वीज वाहते. शिकवते मी पोरांना हे,
आणि अर्थिंग द्यायला विसरले.
कार्बनला डाग धरत नाही, मध्ये तांबं लागतं.
ड्रॉवरच्या तळातून पट्टी काढली, बोटभर,
चिकटवली, वायर जोडली.
गप्प.
त्या गप्पपणात काकांनी एकच तार छेडली
आणि ती विझेपर्यंत आम्ही दोघं
कुणी उठून जातंय तसं बघत राहिलो.

पौषात फोन आला. खाली सहा अंश होतं,
निफाडला त्याहून कमी.
"सुरातच आहे गं," म्हणाले, जरा तक्रारीनेच.
"अर्धा तास उरलाय. काय करू?"
"चहा घ्या," मी म्हणाले.
"घेतला."

सागवानी मान माझ्याकडेच राहिली, खिळ्याला.
शेड उघडली की एक डोळा मिटून बघते
आज कुठे चाललीये.