चौदा मिनिटांचा वारा

देगलूरच्या खाणीवर आमची सात पालं होती
आणि विजेच्या तारा मळ्यामळ्यानं जाताना
आम्हाला वळसा घालून गेल्या होत्या.
मे महिन्यात दगड रात्री जागा असतो.
दिवसभर प्यालेलं ऊन
तो बारानंतर परत करतो, पैन् पै.

त्या साली चाँदपाशा घड्याळजीनं पंखा केला.
बुडालेल्या कापडदुकानाच्या शटरची स्प्रिंग,
सायकलचं फ्रीव्हील,
टोलाच्या घड्याळाची दोन चाकं,
गोडेतेलाच्या डब्यातून कापलेली तीन पाती.
एका पात्यावर भुईमुगाची अर्धी शेंग होती,
पंखा फिरला की ती अख्खी दिसायची.

बाप म्हणाला, पैसे नाहीत.
"पैसा कौन मंगरा? पाटा दे.
घरचा फुटला, चार म्हैने झाले
शेजारच्याच्यात वाटण चाललंय."
बापानं खाणीच्या तळचा काळा दगड काढला,
पाच दिवस घडवला,
डोक्यावर घेऊन गेला, पंखा डोक्यावर घेऊन आला.
चाँदपाशानं सांगून पाठवलं होतं,
गॅरंटी स्प्रिंगची. हवेची नै.

चावीचे पन्नास फेरे, चौदा मिनिटं वारा.
बापानं हिशेब मांडला :
वारा मिळतो त्याहून घाम जास्त जातो,
धंदा तोट्याचा आहे.
अव्वा म्हणाली, घाम माझा, वारा ह्याचा.
मग तोटा कोणाचा?

हा म्हणजे तिरुपती. दीड महिन्याचा,
मानेपासून टाचेपर्यंत घामोळ्या.

पाळ्या लागल्या. माझी दोन ते तीन.
एका चाकाचा एक दात पडका होता,
खर्र खर्र टक्, खर्र खर्र टक्,
त्यावर झोप लागायची
आणि आवाज थांबला की सगळं पाल जागं व्हायचं.
बाहेर कुत्रं भुंकलं, ट्रक गेला, कोणी हललं नाही.
पण ते थांबणं ऐकू यायचं.

एका रात्री मी पन्नास फेरे दिले
आणि पंख्याचं तोंड माझ्याकडे फिरवलं.
चौदा मिनिटं. पूर्ण.
हे मी अजून कोणाला बोललेले नाही.

खाण बंद पडली, मग लाईट आली.
आम्ही उदगीरला गेलो.
तिरुपती नायगावला मोटारी वाइंडिंग करतो,
तांब्याच्या तारेचे वेढे मोजत बसतो दिवसभर.
पंखा त्याला आठवत नाही. कसा आठवेल.

परवा माळ्यावरून काढला. चावी हलेना.
पोत्यात घालून एसटीनं देगलूर.
दुकान तेच, आत मोबाइलची कव्हरं टांगलेली,
गल्ल्यावर मुस्तकीम, चाँदपाशाचा धाकटा.
"अब्बाका काम अब्बाके साथ गया, ताई."
तरी त्यानं पोत्याचं तोंड सोडलं
आणि बराच वेळ आत बघत राहिला.

मागच्या दारातून त्याची अम्मी आली.
"तू वडराची ना? थांब जरा."
मला हाताला धरून चुलीजवळ नेलं.
पाटा होता. मधोमध खोलगट, आरशासारखा गुळगुळीत.
"मिरची नुसती घसरती. बापाला म्हन, टाकी लावून दे."
बाप जाऊन सहा वर्षं झाली होती.
मी म्हटलं, छिन्नी आहे का घरात?

तो तिथं स्क्रू ड्रायव्हर घेऊन,
मी इथं छिन्नी घेऊन.
पहिला घाव कुठून घालायचा, मला येईना.
पहिला स्क्रू कोणता, त्याला समजेना.
मध्ये अम्मी, दोघांकडे बघत, चहा गाळत.

दुपारी चावीनं सात फेरे घेतले.
पाती दीड वेळा फिरली,
कुंभारीण माशीचं मातीचं घर
चहाच्या कपात येऊन पडलं.
अर्धी शेंग तशीच, अर्धी.
माझ्या टाक्या वाकड्यातिकड्या पडल्या,
कोंबडीनं उकरल्यासारख्या.

अम्मीनं त्यावर एक लसूण घासून बघितली.
"धरतोय," म्हणाली.