निळा दोरा

इझमीरच्या बंदरामागे नेव्हराचं औषधांचं दुकान.
म्हातारा कोळी जेलाल फोन पुढे करतो.
"गोळ्या सोडल्या मी. हा डॉक्टर म्हणतो,
ऑलिव्हच्या पाल्याचं पाणी पुरे."

पडद्यावर तुकतुकीत चेहरा.
डोळ्यांखाली जागरण नाही,
हनुवटीवर लहानपणीचा व्रण नाही.
चार लाख बदाम वाहिलेत लोकांनी.

चेहरा ती ओळखत नाही.
पण कोट...
त्याचं दुसरं बटण.
पांढरा दोरा संपला होता त्या संध्याकाळी,
निळ्यानंच शिवलं होतं तिनं.

घरी तुंजाय दार लावून बसतो.
जेवायला हाक मारली की
आलो म्हणतो फक्त.

ती जेलालची बाही वर सारते, पट्टा आवळते.
पारा चढतोच आहे.

"ओळखीचा आहे का गं तुझ्या?"

ती फुगा दाबत राहते.