मिळवलेलं

सोमवारी तिसऱ्या तासाला हेरवाडे मॅडम म्हणाल्या,
मिळवलेलं पुढं जात नाही.
हमालाच्या खांद्यावरचा घट्टा
हमालाबरोबरच जळतो.

मी ते लिहून घेतलं, आणि समासात
पेन्सिलीनं आण्णांचा कान काढला,
तालमीच्या मातीत चेपून चेपून
गुळाच्या खड्यासारखा झालेला.

विद्यापीठातून सायबर चौकापर्यंत चालत आले.
झेरॉक्सच्या दुकानाच्या काचेत बघितले माझे कान :
पातळ, आईचे,
एकाही डावाची खबर नसलेले.

रात्री भाकरी मोडता मोडता आण्णा म्हणाले,
"मग आमचं काय आलं म्हणायचं गं तुझ्यात?
वीस वर्षं माती अंगाला लावली,
ती फुकटच म्हण की."
पुस्तकात तरी तसंच आहे, मी म्हटलं.

बोलले नाहीत काही.
तांबड्या रश्श्याच्या वाटीवरून नुसतं बघत राहिले
आणि हलवला
तो चेपका, मुका, डावा कान,
माशी बसल्यावर म्हैस हलवते तसा.

हे पुढच्या धड्यात आहे, परीक्षेला येतं :
कानामागचे तीन स्नायू,
रानात दबकून ऐकणाऱ्या कुणाचे तरी,
आता निरुपयोगी.

घास हातातच राहिला.
माझाही हलला.