अर्धा सेकंद

कॉलेजचा कॅमेरा एकच.
आठवड्याला एकाच्या वाट्याला येतो.
माझ्या गळ्यात पडला तेव्हा कुताइसीत धुकं होतं
आणि पट्ट्याला कुणाच्या तरी सिगारेटचा वास.

लामाराबाईंनी फळ्यावर लिहिलं:
आकडा लहान, तर भोक मोठं.
वाझा म्हणाला, आमच्या गल्लीच्या डांबरीकरणाचंही असंच.
वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.
"शुक्रवारपर्यंत एक फोटो. विषय: स्थिर."

मंगळवारी भोक पुरतं उघडून बाजारात गेले.
अक्रोडांच्या माळेतला एकच अक्रोड
सुरकुत्यांसकट समोर आला,
बाकी माळ विरघळली,
आणि फुकट फोटो काढते म्हणून
मला तोंडभर शिव्या देणारी ती विक्रेती
मागे नुसता एक मऊ लाल डाग.
इतकी गोड ती आयुष्यात कधी दिसली नसेल.

बुधवारी रात्री आयएसओ चढवत गेले,
सहा हजार, बारा हजार,
बसथांब्यावरचा काळोख रव्यासारखा भुरभुरला.
मग पुलाच्या कठड्यावर, खाली माझी टोपी दुमडून,
तीस सेकंद. श्वास धरून.
रिओनीचं दूध झालं.
माणसं गेली ती गेलीच, एकाचाही मागमूस नाही.
एक कुत्रा तेवढा उरला, तोही अर्धा,
मध्येच त्याला कुठून तरी पावाचा वास आला होता.

गुरुवारी ओतियाकडे.
नाट्यगृहाच्या जिन्याखाली त्याचं घड्याळांचं दुकान.
तीन वर्षं झाली, हात थरथरतात.
लोक अजून घड्याळं त्याच्याच हातात देतात
आणि पडद्यामागे त्याची भाची एका ती दुरुस्त करते.
हे सगळ्या गावाला ठाऊक आहे,
म्हणून कुणी पडद्याकडे बघत नाही.

हातांचा फोटो काढू का, विचारलं
तर त्यानं आधी धुतलेला अ‍ॅप्रन चढवला.

एक पाचशेअंश सेकंद.
हात थांबले.
शिरा, नखं, चिमट्यात मोहरीहून बारीक स्क्रू,
सगळं जिथल्या तिथे.
मला वाटलं, झालं काम. विषय: स्थिर.

ओतियानं डोळ्याला भिंग लावलं
आणि पडद्यावरचा फोटो
घड्याळ तपासावं तसा तपासला. खूप वेळ.
"हे हात तर माझ्या तिशीतले. कुठून आणलेस?"
मग कॅमेरा काउंटरवरून माझ्याकडे सरकवला.
"पोरी, बंद घड्याळ
मी गिऱ्हाइकाला परत देत नाही."

कान तापले माझे.
त्याच्याच पत्र्याच्या डब्यांवर कॅमेरा टेकवला,
भोक बारीक केलं, तबकडी फिरवली.
अर्धा सेकंद.

काउंटर लख्ख. पितळी चाकं लख्ख.
भिंगाच्या कडेवरचा टवकासुद्धा लख्ख.
आणि मधोमध, हातांच्या जागी,
चहावरून उठते तशी वाफ,
वाफेत स्क्रूनं ओढलेली
एक वेडीवाकडी सोनेरी रेघ.

तो काही बोलला नाही.
"एका," म्हणून हाक मारली फक्त.
ती आली, बोटांना तेल, केसांत पेन्सिल.
दोघं एकाच भिंगातून आळीपाळीनं बघत राहिले.
तेवढ्यात एक बाई घड्याळ घेऊन दारात आली
आणि पडदा मागे तसाच उघडा होता.

"यात स्थिर काय आहे?" शुक्रवारी बाईंनी विचारलं.
काउंटर, मी म्हटलं.
मग म्हटलं, डबे. मग गप्प बसले.
त्यांनी फोटो खिडकीशी नेला,
मागे पेन्सिलीनं लिहिलं: अर्धा सेकंद, अकरा.
गुणांची जागा कोरीच.

शनिवारी कॅमेरा परत केला.
तबकडी मुद्दामच अर्ध्यावर ठेवलीय.
पुढचा आठवडा वाझाचा.
न बघता पहिलाच फोटो ओढेल, तो हलेल,
आणि माझ्या नावानं शंख करेल.