रकाना चौदा

यू-डायस भरताना दोनदा लाइट गेली.
पट एकशे सत्तावीस, मुली एकाहत्तर.
संगणक नऊ, पैकी चालू? चार लिहिले.
एक गिरणीसारखा घरघरतो, तोही धरला.

मातृभाषा : एकच निवडा.
शरणम्मा घरी कन्नड, वसाहतीत हिंदी,
माझ्याशी मराठी, भांडताना तिन्ही.
'इतर'वर टिचकी मारली तर मागून म्हणाली,
बाई, इतर कुठं बोलतात?

सूक्ष्मदर्शक एक. त्याचं भिंग मार्चपासून
पर्वती पायथ्याच्या चष्मेवाल्याकडे.
तोवर नववी कांद्याचा पापुद्रा
खिडकीच्या उजेडाला धरून बघते
आणि अल्फिया शपथेवर सांगते,
पेशी दिसल्या.

उपलब्ध साधने : मी 'खिडकी' लिहिलं.
सर्व्हर म्हणाला, फक्त अंक भरा.

सात.
एकीला काच नाही.