चारशे एकतीस पूर्णांक सहा

नोव्हेंबरात तार्तूला चार वाजता अंधार पडतो
तेव्हा आम्ही फोन लावायला बसतो,
अर्थशास्त्र विभागाच्या तळघरात, सहा जण,
तासाचे ठरलेले युरो आणि फुकट कॉफी.
प्रश्न वाचायचा, जसाच्या तसा.
पदरचा शब्द घालायचा नाही.

"आपण सध्या, एकट्याने किंवा इतरांसोबत,
नवा उद्योग सुरू करण्याच्या प्रयत्नात आहात का?"

बहुतेक लोक नाही म्हणतात.
काही जण नाही म्हणायच्याही आधी ठेवून देतात.
लेइडा, वय अठ्ठावन्न, व्होरूच्या पलीकडचं शेतघर,
म्हणाली, थांब, आधी हे बंद करते.
मागे काहीतरी घरघरत थांबलं.

गिरणी बुडाली, तिथलं लोकर पिंजायचं यंत्र
तिनं वजनावर घेतलं, लोखंडाच्या भावानं.
सौनाच्या बाहेरच्या खोलीत बसवलं, दार काढून.
दार अजून अंगणातच आहे.
"नवरा असता तर काढू दिलं नसतं,"
आणि हसली.

प्रश्न चौदा : कारण. गरज, की संधी?
"भंगारात चाललं होतं रे ते."
मी परत वाचलं. गरज, की संधी?
"दातेरी पट्टे चांगले होते. एकच गंजलेला."
नियमाप्रमाणे तिसऱ्यांदा वाचलं.
ती म्हणाली, तुझी आई काय करते?
हा प्रश्न आमच्या यादीत नव्हता.
मी 'इतर'वर टिचकी मारली.

वसंतात प्राध्यापक काल्लास्तेंनी पडदा खाली ओढला.
पन्नास देश, पन्नास ठिपके,
आडवे धंदा काढणारे, उभी देशाची वाढ,
आणि मधून एक रेघ
पंगतीतून घाईचा वाढपी जावा तशी,
फारशा कुणाच्या पानाला न लागता.
आमचा ठिपका रेघेच्या नखभर वर.
मंत्रालयाचा माणूस म्हणाला, छान.
मागच्या रांगेतून कुणी विचारलं,
उद्योगांमुळे वाढ, की वाढीमुळे उद्योग?
काल्लास्तेंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
"तीस वर्षं झाली," एवढंच म्हणाले.

रात्री मी फाईल उघडली.
नाव नाही, नंबर पुसलेला, नियमच तसा.
नुसती ओळ सहाशे बारा,
आणि शेवटच्या रकान्यात तिचं वजन :
४३१.६
म्हणजे या एका बाईच्या उत्तरात
देशातली इतकी माणसं धरायची.

चारशे एकतीस जणांचं मला समजतं.
चारशे एकतीस उखडलेली दारं
बर्फाखाली आडवी,
आणि तेवढ्याच खोल्यांतून ओल्या लोकरीचा वास.
पण ते सहा दशांश?

अर्ध्याहून जरासा जास्त असा कुणी
लोखंडाचा भाव विचारून परत फिरलाय,
शेवटची बस चुकलीय,
खिशात खोलीचं माप लिहिलेला कागद.
घरी अजून कुणाला बोललेला नाही.