वायरीचा पीळ

नेमणुकीच्या पत्रात होतं :
सहायक, विद्यार्थी विकास विभाग,
अकरा महिने, मानधन तत्त्वावर.
अकरा महिन्यांत कुणाचा विकास व्हायचा
ते पत्रात नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात तीन दिवसांचं प्रशिक्षण.
विद्यापीठाच्या हॉलमध्ये एसी असा, की
कागल, मुरगूड, गारगोटी, मलकापूरहून आलेले आम्ही चौतीस जण
ओढण्या नि रुमाल कानाला गुंडाळून
नेतृत्वाचे सात गुण उतरवून घेत होतो.
साहेब म्हणाले, विद्यार्थी हाच आपला केंद्रबिंदू.
पडद्यावर वर्तुळ आलं, मधोमध टिंब.
मी पाण्याच्या बाटलीचं झाकण वहीवर ठेवून पेन फिरवलं.
टिंब जरा कडेलाच पडलं.

प्रमाणपत्रात संज्योतचं 'संयोग' झालं होतं.
फोटोपुरतं तसंच छातीशी धरलं.

कॉलेजात परतले तर किल्ल्या शिकलगार मामांकडं.
"मॅडम," ते म्हणाले.
मी मागं वळून पाहिलं, कोण मॅडम आल्यात म्हणून.

कपाटात भाता फाटलेली पेटी,
पुठ्ठ्याचा मुकुट, लेझमीच्या सुट्ट्या चकत्या,
'हार्दिक स्वागत'मधला नुसताच 'हार्दिक',
आणि खाली वायरींचा ढीग,
नागपंचमी उलटून गेल्यावर कुणी न विचारलेल्या नागांसारखा.

मी एक उचलली. कोपर ते तळवा, कोपर ते तळवा,
आई वाळवणाची दोरी गुंडाळते तशी.
"न्हवं, न्हवं. असं क्येलं की आतनं तुटती.
वरनं कळत न्हाई. आन् ऐन भाषणात पावना मुका.
हातात धरा. सैल सोडा. कुटं वळत्या बघा.
हरेक वायरीला आपला पीळ असतोय, मॅडम."

युवा महोत्सवाला मूकनाट्य बसवत होतो.
ऋतिका गुरव साडेपाचला उठून जायची,
रोज, न सांगता, दप्तर पोटाशी घेऊन.
मी बांधिलकीवर भाषण तयार केलं.
सात गुणांतले चार त्यात बसवले.
तिला थांबवलं जिन्यात.
ती म्हणाली, "रंकाळा स्टँडवरनं वाडीची गाडी सव्वासहाला हाय.
त्येच्यानंतर सकाळीच."
आणि मग, माझ्याच काळजीनं जणू,
"जाऊ का मॅडम? गर्दी आसती."

भाषण घडी घालून ठेवलं, अजून पर्समध्ये आहे.
तालीम सकाळी साडेसातला घेतली.
राजारामपुरीची पोरं डोळे चोळत, शिव्या गिळत आली.
दुसऱ्या दिवशी एकानं डब्यातनं कट आणला,
तिसऱ्या दिवशी पाव.
ऋतिका शेवटच्या रांगेतलं झाड होती.
चौथ्या सकाळी एक पोरगं आलंच नाही,
तेव्हा ती झाडाची बस झाली :
दार लागतं, घंटी वाजते, कुणीतरी धावत येतं
आणि ती थांबत नाही.
नुसत्या खांद्यांनी केलं तिनं हे सगळं.
कुणाला हसू आलं नाही. पाव तसाच राहिला.

नंबर नाही आला. सांगलीवाले भारी होते,
खरंच भारी होते.
अहवालाच्या नमुन्यात रकाना होता : निष्पत्ती.
तिथं मी 'सहभाग : नऊ' लिहिलं.
पुन्हा खोडून 'आठ अधिक एक' लिहिलं.
प्राचार्यांनी विचारलं, हे काय?
म्हटलं, बेरीज बघते.

त्या रात्री हॉल आवरताना
मामांनी दिवे निम्मे केलेले.
मी वायर हातात धरली, सैल सोडली.
ती आधी उजवीकडं गेली, मग हट्टानं डावीकडं.
मी तिच्यामागनं हात फिरवत राहिले.
दुसऱ्या टोकाला ऋतिका.
मामीकडं राहिली होती ती, शुक्रवार पेठेत, एक रातीपुरती.
मी काही सांगितलं नाही.
ती माझ्या मनगटाकडं बघत होती.

"किल्ली ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच," मामा म्हणाले.
अकरातले चार महिने उरले होते.